सन, साल, शक, संवत: सगळ्यांचा अर्थ एकच का?

प्रश्न : "इसवी सन १६७४ साली" असं मी परवा एका लेखात लिहिलं तर एकांनी लगेच टोकलं, म्हणाले सन म्हणजेच साल, दोनदा कशाला लिहिता. हे बरोबर आहे का? मग "शके १५९६ साली" हेही चूकच का? आणि शक नि संवत यात फरक काय, मी आजवर दोन्ही शब्द कसेही वापरत आलोय.

प्रतिसाद : टोकणाऱ्यांचं अर्थापुरतं बरोबर आहे. सन अरबी, साल फारसी, दोन्हींचा अर्थ वर्षच. आणि इसवी म्हणजे ईसाचा, ईसा हे येशूचं अरबी नाव. म्हणजे बघा, ज्या कॅलेंडरला आपण सर्रास इंग्रजी कॅलेंडर म्हणतो त्याच्या मराठी नावात इंग्रजीचा अंशसुद्धा नाही, ते अख्खं नाव अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलंय. पण बोलताना "सन १६७४ साली" मला तरी खटकत नाही, कारण तिथे सन हा नुसता आकड्याच्या आधी लावायचा शब्द होऊन बसलाय आणि "मध्ये" हा अर्थ "साली"तून येतो. लिहिताना मात्र "इ.स. १६७४ मध्ये" पुरे.

"शके"ची गोष्ट वेगळी आहे. ती संस्कृतातली सप्तमी आहे, शके म्हणजेच शकात. त्यामुळे "शके १५९६ साली" म्हटलं की "मध्ये" दोनदा येतं, ते टाळावं. जुन्या कागदांत "शके १५९६ आनंदनाम संवत्सरे" असं असतं ते किती नेटकं आहे, सगळं एकाच विभक्तीत.

आता शक आणि संवत. संवत हे संवत्सरचं लहान रूप, म्हणजे मुळात नुसतं वर्ष, आणि विक्रम संवत इ.स.पू. ५७ पासून मोजतात. गंमत म्हणजे सुरुवातीच्या कोरीव लेखांत त्याला विक्रमाचं नाव नाहीच, तिथे कृत किंवा मालव असं म्हटलंय, विक्रम नंतर आला.

शक हा शब्द मात्र वर्षवाचक नव्हताच, ते माणसांचं नाव आहे! शक म्हणजे मध्य आशियातून खाली उतरलेल्या टोळ्या. इराण-अफगाणिस्तानच्या सीमेवरचा सिस्तान प्रांत आहे ना, ते मूळचं सकस्तान, यांच्याच नावावरून. पश्चिम भारतात या शकांच्या क्षत्रपांनी, म्हणजे प्रांताधिकारी म्हणवणाऱ्या राजांनी, बराच काळ राज्य केलं आणि ते जी वर्षं मोजायचे ती मोजणी इ.स. ७८ पासूनची. पुढे दुसऱ्या राजांनीही तीच उचलली. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात चालुक्यांचा लेख आहे त्यात शक राजाच्या राज्याभिषेकाला ५०० वर्षं झाली असं स्वच्छ म्हटलंय, म्हणजे इ.स. ५७८. ऐहोळेच्या प्रसिद्ध लेखात ५५६ वर्षं, तिथेही शक राजांचाच काळ म्हणून. शालिवाहनाचं नाव त्याला लागायला अजून कित्येक शतकं जायची होती. आणि ते लागलं तेव्हा काय झालं बघा, शालिवाहन म्हणजे सातवाहन, ज्यांच्या गौतमीपुत्राला नाशिकच्या लेण्यातल्या लेखात त्याची आई गौतमी बलश्री शक-यवन-पल्हवांचा (यवन म्हणजे ग्रीक, पल्हव म्हणजे पार्थियन) नाश करणारा म्हणते. म्हणजे "शालिवाहन शक" या दोन शब्दांत एकमेकांशी लढलेले दोन पक्ष शेजारी शेजारी बसलेत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ तेच डोक्यात होतं. मग शकचा अर्थ हळूहळू कालगणना एवढाच उरला आणि त्यातूनच शककर्ता हा मोठ्या मानाचा शब्द तयार झाला.

इसवी सनाच्या जन्मातही असाच शत्रू आहे. इ.स. ५२५ मध्ये रोममध्ये डायोनिसियस एक्झिगस नावाचा साधू ईस्टरच्या तारखांचा तक्ता करत होता. तोवरच्या तक्त्यांत वर्षं रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या कारकिर्दीपासून, इ.स. २८४ पासून मोजायचे. पण याच डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ केला होता, तेव्हा त्याची आठवण आपल्या तक्त्यात नको म्हणून या साधूने येशूच्या जन्मापासून मोजायला घेतलं, जिथे डायोक्लेशियनचं २४८वं वर्ष यायचं तिथे त्याने ५३२ लिहिलं. शून्य वर्ष त्याच्याकडे नव्हतंच, म्हणून इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं. त्याचा हिशेब थोडा चुकलाही, कारण बायबलप्रमाणे येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा जिवंत होता आणि बहुतेक इतिहासकार हेरोदाचा मृत्यू इ.स.पू. ४ मध्ये धरतात.

इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांनी मात्र उलटं केलं. त्यांनी २८४ पासूनची मोजणी तशीच ठेवली, फक्त तिला हुतात्म्यांचा शक असं नाव दिलं, छळ करणाऱ्याऐवजी मेलेल्यांचं. ती त्यांच्या चर्चमध्ये आजही चालते.

जाता जाता अजून एक, मराठेशाहीच्या पत्रांत "खमस सबैन अलफ" असं काहीतरी वाचून आपण अडतो ना, ते अरबी आकडे आहेत, पाच, सत्तर, हजार, म्हणजे १०७५. हा शुहूर सन. हिजरी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे ते ऋतूंच्या पुढे पुढे सरकतं आणि शेतसाऱ्याला उपयोगी पडत नाही, म्हणून इ.स. १३४४ पासून हे सौर वर्ष चालू झालं. ते मृग नक्षत्राला बदलायचं म्हणून त्याला मृगसालही म्हणत. यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो.

प्रश्न : खूपच छान माहिती! शकात ७८ मिळवले की इ.स. येतो असं शाळेत शिकलो होतो. पण शिवरायांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, मग १६२९ यायला हवं, १६३० कसं?

प्रतिसाद : शकाचं वर्ष चैत्रात बदलतं आणि इसवी सन जानेवारीत. त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे, बाकी वर्षभर ७८. फाल्गुन आहे म्हणून १५५१ अधिक ७९, १६३०. राज्याभिषेक ज्येष्ठातला, म्हणून १५९६ अधिक ७८, १६७४.

पण त्यात अजून एक मेख आहे. आपण ६ जून म्हणतो ती जुन्या, ज्युलियन कॅलेंडरची तारीख आहे. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये कॅलेंडर सुधारलं, तेव्हा ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस थेट १५ ऑक्टोबर धरला. स्पेन-पोर्तुगालने ते लगेच घेतलं, इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत जुन्यालाच धरून होतं. म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्या दिवशी मुंबईचे इंग्रज ६ जून लिहीत होते आणि गोव्याचे पोर्तुगीज १६ जून, दिवस तोच! इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा रायगडावर हजर होता, त्याच्या कागदात अर्थातच जुनी तारीख. १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीखही तशीच, नव्या कॅलेंडरने तो दिवस १ मार्च येतो. तिथी मात्र दोन्हीकडे एकच राहते, चंद्राला पोपने काही केलेलं नाही.

तेव्हा तुमच्या लेखात "शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी (जुन्या पद्धतीने ६ जून १६७४)" असं लिहा, सन पण नको आणि साल पण नको.