मार्सेयला जुन्या बंदरासमोरचं हॉटेल: पैसा वसूल की नुसती चैन?

उंडगी_सून:
गेल्या महिन्यात फ्रान्समधल्या मार्सेयला चार रात्री राहून आलो. हॉटेल व्ह्यू पोर म्हणजे जुन्या बंदराच्या अगदी तोंडावर, आतल्या गल्लीतल्या रूमपेक्षा रात्रीला ७० युरो जास्त. नवरा अजून कुरकुरतोय. पण सकाळी खिडकी उघडली की खाली मासळीबाजार, टेबलावर तडफडणारे मासे, समोर शिडाच्या बोटींची ही गर्दी, डावीकडे टेकडीवर नोत्र दाम द ला गार्द चर्चवरची सोनेरी मूर्ती, आणि हातात चहा (पाकिटं घरून नेलेली, तिथला चहा म्हणजे कोमट पाणी). माझं स्पष्ट मत, मार्सेयला जाऊन बंदरासमोर राहिला नाहीत तर जाऊच नका.

खवट_म्हातारा:
काहीही! बंदर काय हॉटेलवाल्याच्या बापाचं आहे का? खाली जाऊन बसा, फुकट दिसतं. वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टरने २०१३ साली तिथे आरशासारखं छत उभारलंय, त्याच्याखाली उभं राहून वर बघा, आख्खं बंदर उलटं लटकलेलं, शून्य युरो. आणि हॉटेलवाल्यांचं ते 'ऐतिहासिक काठावरचं हॉटेल' वगैरे सोडा हो. उत्तरेकडचा काठ १९४३ मध्ये जर्मनांनी सुरुंग लावून उडवला, त्याआधी वीसेक हजार माणसं घराबाहेर काढली. नगरपालिकेची इमारत आणि दोनचार वाडे वाचले, बाकी सगळं युद्धानंतरचं बांधकाम. जुनं मार्सेय बघायचंय तर मागे पानिए मोहल्ल्यात राहा.

उंडगी_सून:
काका, पानिएत राहिले असते, पण बरोबर ७४ वर्षांच्या सासूबाई होत्या आणि तिथे सगळा चढ नि पायऱ्या. आमच्या इथून स्टेशन मेट्रोने दोन स्टॉप, टेकडीवर जायला ६० नंबरची बस दारात, शातो दिफच्या (बेटावरचा किल्ला) बोटी समोरून सुटतात. आम्ही दिवसभर हिंडायचो आणि सासूबाई खिडकीशी बसून बोटी मोजायच्या. त्यांच्यासाठी तीच ट्रिप होती.

लियोंकर:
मी दोन तासांवर राहतो, वर्षातून दोनतीनदा जाणं होतं. व्ह्यूबद्दल वाद नाही पण झोपेचं काय? ओएम (इथली फुटबॉल टीम) जिंकली की सगळं गाव बंदरावर उतरतं, हॉर्न, फटाके, आरडाओरडा. आणि मिस्त्राल, म्हणजे इथला उत्तरेचा जोरदार वारा, सुटला की आणखी मजा, शेकडो डोलकाठ्यांवर दोर आपटत राहतात, रात्रभर टणटण टणटण, देवळात कोणीतरी घंटा सोडायलाच तयार नाही असं वाटतं. त्यात वारा जोरात असेल तर शातो दिफच्या बोटीही बंद, म्हणजे बोटींसाठी जवळ राहिलात आणि बोटच नाही. मी एकदाच समोरची रूम घेतली, आता नेहमी मागची.

उंडगी_सून:
टणटण आम्हीही ऐकली, दोन रात्री. सासूबाई कानातलं मशीन काढून झोपतात, त्यांना पत्ता नाही 😄

नाना_डोंबिवली:
मी पुढच्या जुलैत जातोय. मला मार्सेय (आपलं मार्सेलिस) म्हणजे सावरकरांची उडी, ८ जुलै १९१०. म्हणूनच बंदरासमोरची रूम बघत होतो, खिडकीतून ती जागा दिसली पाहिजे. कुठल्या बाजूची घेऊ?

लियोंकर:
नाना, इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. हे जुनं बंदर लहान आहे, तेव्हाच्या मोठ्या आगबोटी इथे लागतच नसत, त्यांच्यासाठी उत्तरेला जोलिएतच्या बाजूला नव्या गोद्या होत्या. सावरकरांची मोरिया बोट त्या नव्या बंदरातली. व्ह्यू पोरच्या कुठल्याही खिडकीतून ते दिसणार नाही.

खवट_म्हातारा:
घ्या! नाना जास्तीचे पैसे भरून भलत्याच पाण्याला नमस्कार करणार होते.

उंडगी_सून:
पण खवटकाका, म्हणजे नानांनाही बंदरासमोरचीच रूम हवीय ना, फक्त बंदर दुसरं. मुद्दा माझाच झाला.

नाना_डोंबिवली:
असू दे हो, भांडू नका. जोलिएतला बंदराकडे तोंड असलेली रूम मिळते का तेवढं सांगा.

लियोंकर:
मिळेल. समोर कॉर्सिकाच्या फेरीबोटी आणि त्यात चढायला थांबलेल्या गाड्या दिसतील.

खवट_म्हातारा:
मग नाना, घासाघीस करा.