एज्युकेशन लोनच्या रिकव्हरीचं काम घ्यावं का?

सांगलीत विश्रामबागला एका एजन्सीत वसुलीचं काम मिळतंय, जास्त करून एज्युकेशन लोनच्या केसेस. मी बीकॉम. पण तासगाव, जतकडं पोरांच्या आईबापाच्या दारात जाऊन पैसे मागायचे हे मनाला पटंना. कुणी केलंय का?

मिरजकर: दोन वर्षं केलं. आधी डीआरएचं, म्हणजे वसुली एजंटचं ट्रेनिंग, ग्रॅज्युएटला 50 तास, मग आयआयबीएफ या बँकिंग शिकवणाऱ्या संस्थेची परीक्षा, त्याशिवाय फिल्डवर जाऊ नका. सकाळी 8 च्या आधी नि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही हा रिझर्व्ह बँकेचा नियम, आमचा साहेब रात्री साडेनऊला लावायला सांगायचा म्हणून सोडलं मी. एका घरी पोरगं इंजिनिअर होऊन बसलेलं, आईनं आधी चहा दिला मग रडायलाच लागली, अजून डोळ्यासमोरनं जात नाही.

कृष्णाकाठ: मुद्दाम बुडवणारी थोडी असतात हो. कोर्स संपल्यावर वर्षभर हप्ता नसतो पण व्याज चढतच असतं, हे घरच्यांना धड कुणी सांगतच नाही. 90 दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँक ते थकीत कर्जात धरते. त्याआधीच त्यांना बँकेत न्या, मुदत वाढवून हप्ता कमी होतोय का बघा.

प्रश्नकर्ता: धन्यवाद दादा. ओळखपत्र आणि वसुलीला नेमल्याचं बँकेचं पत्र देणार का ते उद्या विचारतो, नाही म्हणाले तर जात नाही.