स्ट्रीट आर्ट एसी हॉलमध्ये टांगलं की मग ते स्ट्रीट कसलं?

बर्डीचा_पोऱ्या
काल नागपुरात धरमपेठेत दोघा पोरांचं मिक्स्ड मीडियाचं प्रदर्शन पाहून आलो. एकजण फाटक्या पोस्टरांचे थर चिकटवतो, दुसरा स्टेन्सिल ठेवून स्प्रे मारतो आणि त्यावर बिस्किटाचे पुडे, बसची तिकिटं, खर्र्याच्या म्हणजे सुपारी-तंबाखूच्या पन्न्या बसवतो. रंग झकास आहेत, खोटं नाही बोलणार. पण जमिनीवर पिवळी पट्टी मारलीये, पलीकडे जायचं नाही म्हणे. अरे हेच पोस्टर भिंतीवर असतं तेव्हा कोणी मिश्या काढतो, कोणी थुंकतो, गाय अर्धं खाऊन जाते, ती मजा कुठे गेली? खाली चिठ्ठीवर पाच आकडी किंमत. मला तर कोंबडी सोलून पिंजऱ्यात ठेवल्यासारखं वाटलं.

फुटाळ्याची_हवा
मग काय गायीसाठी ठेवायचं का? पॅरिसचा चित्रकार व्हिलग्ले १९४९ पासून भिंतीवरची फाटकी पोस्टरं काढून आणायचा आणि तीच चित्र म्हणून मांडायचा, आज म्युझियममध्ये आहेत. रस्त्यावर राहिली असती तर कधीच लगदा झाला असता. आपल्याकडे तर मोठा पाहुणा येणार म्हटलं की रातोरात भिंतीला पांढरा हात मारतात. अमेरिकन चित्रकार बास्कियाने न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या भिंतींवर ‘सॅमो’ या टोपणनावाने लिहून सुरुवात केली, गॅलरीत गेला म्हणून त्याचं चित्र मेलं नाही.

बर्डीचा_पोऱ्या
बास्कियाचं नाव काढलंच आहे तर १९८५ चं त्याचं आणि अमेरिकन चित्रकार वॉरहॉलचं जोडीचं प्रदर्शनही आठवा, समीक्षकांनी धू धू धुतलं आणि दोघांची दोस्ती विस्कटली. पण ते निदान एकाच कॅनव्हासवर भिडले होते, एकाने लोगो काढायचा, दुसऱ्याने त्यावर खोडायचं. इथे एक या भिंतीवर, दुसरा त्या भिंतीवर, मधे समोशाचं टेबल. भाडं अर्धं अर्धं केल्यासारखं.

महालवाला
काय बोलून राहिले बे तुम्ही लोक, पॅरिस अन् मॅनहॅटन! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत बडगे, म्हणजे मोठे पुतळे, निघतात ते काय असते मग? बांबू, कागद, चिंध्या, जुने टायर, गळ्यात पाटी, पाटीवर महागाई नाहीतर एखादा पुढारी. याच्याहून मिक्स मीडिया कोणता पाहिजे भाऊ? अन् शेवटी ‘इडापिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत जाळून टाकतो, किंमत नाही लावत. तरी एक सांगतो, त्या पोराच्या खर्र्याच्या पन्न्या आपल्याले आवडल्या. वॉरहॉलने १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली, आपल्या इथे खर्राच मांडा लागते, सूप कोण पेते?

शटर_पेंटरचा_मुलगा
जाळायचं का टांगायचं ते चालू द्या तुमचं. त्या हॉलमध्ये एक दुकानाचं शटर आहे, त्यावर ‘किराणा’ असं मोठ्ठं रंगवलंय, ते कोणी नीट पाहिलं का? माझ्या बाबांनी इतवारीत अशी शटरं किती रंगवली त्याचा हिशोब नाही. दोऱ्याला खडू घासायचा, दोघांनी ताणून धरायचा, टचकन सोडला की सरळ रेघ, मग त्या दोन रेघांत अक्षर. ऑइल पेंट, सावली एकाच अंगाला. फ्लेक्स आलं आणि सगळं बसलं. आता त्या शटरवर ‘कि’ची सावली उजवीकडे आहे आणि ‘णा’ची डावीकडे, आणि लोक समोर उभे राहून सेल्फी काढताहेत.

फुटाळ्याची_हवा
मुद्दाम केलं असेल ना दादा, स्टाइल असते. आणि पॉप आर्टमध्ये, म्हणजे जाहिराती-डबे असल्या रोजच्या बाजारी गोष्टींच्या चित्रकलेत, तुमच्याच धंद्यातले लोक आहेत, रोझेनक्विस्ट आधी न्यूयॉर्कमध्ये मोठे जाहिरातफलक रंगवायचा. आपले हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरायचे.

शटर_पेंटरचा_मुलगा
तेच तर म्हणतोय, ते स्वतः परांचीवर चढले होते. ऊन, थिनरचा वास, उधारी सगळं पाहिलेलं. मुद्दाम चुकवायला आधी बरोबर यायला लागतं.

बर्डीचा_पोऱ्या
दादा, मी धागा काढला पण हे आपल्याला दिसलंच नव्हतं. बाबांना नेलं का तिथे?

शटर_पेंटरचा_मुलगा
नेलं ना रविवारी. मला वाटलं चिडतील. पिवळी पट्टी ओलांडून सरळ शटरपाशी गेले, नखाने कोपरा खरवडून पाहिला, गार्ड धावत आला. बाबा त्यालाच म्हणाले, याच्याखाली प्रायमर नाही मारलेलं, दोन पावसाळे नाही निघायचे.

महालवाला
हॉलमध्ये कुठचा पाऊस येते भाऊ 😄

शटर_पेंटरचा_मुलगा
गार्डपण हेच म्हणाला.