साहेबांची माणसं आणि सह्यांचे कागद : तुमचे अनुभव लिहा

काल भाच्याचा पुण्याहून फोन आला, पोरगं रडकुंडीला आलेलं. वर्षभर रात्रीचे कॉल ह्यानं घेतले आणि प्रमोशन साहेबांबरोबर रोज चहाला जाणाऱ्याला. कारण काय तर बेल कर्व्ह, म्हणजे वरचं रेटिंग ठराविक जणांनाच, तो कोटा संपला म्हणे. ऐकलं आणि माझी सातारा एमआयडीसीतली नोकरी आठवली, नीट झोपच लागली नाही. मोठी कंपनी होती, नाव नको. आमच्या शॉपमध्ये हातमोज्यांची एक जोडी पाहिजे तरी इंडेंट म्हणजे मागणीचा फॉर्म भरायचा, त्यावर सुपरवायझरची सही, मग डिपार्टमेंट हेडची, मग स्टोअर्सवाला म्हणणार कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा तो नंबर, चुकलंय परत आणा, तोवर पोरं फाटक्या मोज्यांनी गरम जॉब उचलायची. आणि त्याच खिडकीतनं साहेबांच्या गाववाल्याला नवे सेफ्टी शूज नुसत्या फोनवर. नियमाचा राग नाही हो, ज्याचं कुणी नाही त्यालाच तो लागतो ह्याचा आहे. तुमच्याकडं कसं होतं? मोकळेपणानं लिहा.

सांगलीची लेक :
२०१९ चा पूर. सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर, आम्ही सासूबाईंना घेऊन बोटीतनं बाहेर पडलो आणि एचआरचा मेल, सलग गैरहजेरीचा पुराव्यासह खुलासा द्या. घरातला चिखल उपसत असताना पंचनाम्याची कॉपी कुठनं आणू? शेवटी आणली, तरी रजा बिनपगारीच. मॅडमची लाडकी तेव्हा माहेरी पुण्यात होती, तिचे तेच दिवस ऑन ड्यूटी लागले. अजून राग जात नाही

कृष्णाकाठ :
बाई गं. आमच्या किचनमध्ये पण छातीएवढं होतं. तुम्ही हरभट रोडला का

सांगलीची लेक :
नाही ओ, टिळक चौकाजवळ. फ्रिज तर तरंगत दाराशी आलेला

कुपवाड :
आम्ही ठेकेदाराकडची पोरं. दरवर्षी थोडे दिवस कामावरनं काढून, म्हणजे ब्रेक देऊन, परत घ्यायचे, मशीन तेच काम तेच. परमनंटच्या यादीत मात्र ज्याला आम्हीच काम शिकवलं तो सुपरवायझरचा मेव्हणा. आता वर्कशॉप टाकलंय मिरजेत, बरं चाललंय. भाच्याला सांगा केलेल्या कामाचे मेल जपून ठेव, तोंडी कौतुक अप्रेझलला कुणाला आठवत नाही

कराडची ताई :
विषय थोडा वेगळा आहे पण ह्यांची ग्रॅच्युइटी अडकलीय. नो ड्यूजवर, म्हणजे काही देणं बाकी नाही ह्या कागदावर, एकाच खात्याची सही राहिली, तो माणूस बदलून गेला आणि नवीन म्हणतो माझ्या काळातलं नाही. ह्यांच्याबरोबरच रिटायर झालेल्याचे वरच्या ओळखीनं लगेच निघाले

निवृत्त :
ताई, ग्रॅच्युइटीचा कायदाच आहे, देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर व्याजासकट. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्याच. हिशोब पण तपासा, शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. टाळाटाळ केली तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसला जाऊन या, पुढं कुठं अर्ज करायचा ते सांगतील

कराडची ताई :
दादा डीए पण धरायचा? त्यांच्या कागदावर नुसता बेसिकच धरलाय. आत्ताच ह्यांना स्लिपा काढायला सांगते