शाळेच्या वेळेत फोंड्यात ट्रक थांबवावेत का?

तिठ्यावरची आई

गेल्या सोमवारी सकाळी सव्वासातला लेकीला घेऊन आमच्या तिठ्यावर उभी होते. उसगाव तिस्ककडून आपल्या गोव्यातल्या फोंड्याला येणारा मोठा रस्ता, आणि त्याला डावीकडे फुटणारा शाळेचा अरुंद रस्ता. पाऊस नुकताच थांबलेला. गटारावरच्या लाद्यांवर आम्ही पाचसहा जण. एक भरलेला टिपर डावीकडे वळला. पुढचं चाक आमच्यापासून चांगलं दोन हात लांबून गेलं, म्हणून मी निर्धास्त. मागची चाकं मात्र थेट लादीवर चढली. पोरीला दप्तरासकट मागे खेचलं तेव्हा तिच्या हातातली स्टीलची बाटली निसटली. टिपर गेल्यावर उचलली तर पापड झालेला. चालकाला काही कळलंही नसावं, तो गेला तसाच पुढे.

दुपारी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेले. हा रस्ता आमच्याकडे येत नाही, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या कार्यालयात गेले, तर रस्ता त्यांचा पण तिठा त्यांचा नाही. तिठा नेमका कोणाचा हे कोणी सांगितलं तर उपकार होतील.

माझी मागणी: सकाळी ७ ते ८.१५ आणि दुपारी १२.३० ते १.४५ शहराच्या हद्दीत अवजड वाहनं बंद. मुंबई-पुण्यात गर्दीच्या तासांना ट्रकबंदी असते, तिथे कोणाचे धंदे बुडाले नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली आपल्याकडेही जिल्हाधिकाऱ्यांना असा आदेश काढता येतो. रस्ता खणायला नको, निविदा नको, एक कागद पुरतो.

उसगावचा टिपरवाला

ताई, पोर वाचली, देवाने राखली. त्यावर वाद नाही. पण बंदीला माझा विरोध आहे आणि तो नुसता पोटासाठी नाही.

आधी पोटाचं सांगतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. टिपर २००८ मध्ये घेतला, लोहखनिजाच्या खाणींच्या ऐन भरात. सप्टेंबर २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा निम्मे हप्तेही फिटले नव्हते. मध्ये थोडं चाललं, मार्च २०१८ ला पुन्हा बंद. गाडी माडाखाली उभी, हौद्यात पाणी साचून डास, टायरांना भेगा. आता लिलावानंतर काही खाणी सुरू झाल्यात, पण मी खडी आणि चिऱ्यांवर आहे. तुमच्या शाळेच्या रस्त्याला वळला तोही खडीचाच असणार, खनिजाचं तिथे काय काम? पण फोंड्यात हौदा दिसला की लोकांच्या लेखी तो खाणीचा.

आता बंदी. आम्हाला पैसे तासावर नाही, ट्रिपवर मिळतात. सव्वा तास दोनदा अडवलंत तर दिवसाची एक ट्रिप गेली. ती भरून काढायला चालक काय करेल? ८.१५ ला तुम्ही दोर सोडला की खांडेपारच्या बाजूने तीसचाळीस गाड्या एकामागून एक सुटतील, आणि प्रत्येकाला पुढच्याच्या आधी खडी फोडतात त्या क्रशरवर पोचायचं असेल. उशिरा निघालेलं पोर आणि फर्मागुडीला कॉलेजला जाणारी मुलं त्याच वेळी रस्त्यावर असतात. तुम्ही धोका घालवत नाही, पाऊण तास पुढे ढकलता.

निवृत्त रस्तेवाला

नोकरीची सगळी वर्षं रस्त्यांत गेली, म्हणून थोडं लांबण लावतो, माफ करा.

पुढचं चाक लांबून गेलं आणि मागचं लादीवर चढलं, हे वाचताच तिठा डोळ्यांपुढे आला. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतून जातात. वळण जितकं घट्ट तितकी जास्त आत. म्हणजे कोपऱ्याच्या टोकाला उभा असलेला माणूस पुढचं चाक पाहून हुशारीने थांबला तरी चुकतो. बाई, तुमचं काहीही चुकलेलं नाही, उभं राहायची जागाच चुकीची आहे.

अशा वेळी लोक म्हणतात, कोपरा कापून वळण मोठं करा. आम्हीही पूर्वी तेच करायचो. मग टिपर लादीवर चढत नाही, पण मोटारी आणि स्कूटर न थांबता चाळीसच्या वेगाने आत शिरतात. घट्ट ठेवला तर ट्रक चढतो, सैल केला तर बाकीचे उडतात. यातून वाट अशी: कोपरा घट्टच ठेवायचा, त्याच्या कडेला ओबडधोबड दगडांची बोटभर उंच पट्टी करायची. ट्रकचं मागचं चाक त्यावरून जाऊ शकतं, मोटारवाला मात्र गाडी हादरते म्हणून तिकडे जात नाही. आणि झेब्रा पट्टे व थांबायची जागा शाळेच्या रस्त्यावर सहा-सात मीटर आत न्यायची, पुढे चार लोखंडी खांब ठोकून. खर्च म्हणाल तर एका हौदाभर चिऱ्यांचा आणि चार दिवसांच्या मजुरीचा.

वेग सांगतो. ताशी ३० ला गाडी सेकंदाला सव्वाआठ मीटर जाते, ५० ला जवळजवळ चौदा. चालकाचा पाय ब्रेकवर पोचायला एक सेकंद धरा. त्या एका सेकंदातला फरक म्हणजे अख्ख्या झेब्रा पट्ट्याहून रुंद जागा. आणि त्यानंतर ब्रेक लागायला सुरुवात होते.

गतिरोधक हवा म्हणणाऱ्यांसाठी: प्रमाण आहे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच. आपल्याकडे हातभर रुंदीचे डांबराचे उंचवटे टाकतात. ट्रकला त्याचं काही वाटत नाही, मागे बसलेली बाई मात्र स्कूटरवरून पडते. शिवाय राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक घालायचाच नाही अशा केंद्राच्या सूचना आहेत. जे करायचं ते बाजूच्या रस्त्यावर आणि तोंडाशी.

बंदीला माझा विरोध नाही, पण कागदाने कोपरा बदलत नाही.

गेट ड्युटी

मी शिक्षिका. आठवड्यातून दोन दिवस शाळेच्या गेटवर उभी असते. सगळे ट्रकवर तुटून पडलेत म्हणून उलटी बाजू मांडते, राग येणार हे गृहीत धरून.

गेटसमोर मला भीती वाटते ती पालकांची. स्कूटरवर पुढे एक उभा, मागे दोन, हेल्मेट असलंच तर फक्त बापाच्या डोक्यावर. घंटा व्हायला पाच मिनिटं असताना चुकीच्या बाजूने आत. मोटारी झेब्रावरच उभ्या, कारण पाऊस आहे आणि बाळाचे बूट भिजतील. त्या मोटारीमुळे पलीकडून येणारं पोर दिसतच नाही. नववी-दहावीतली काही मुलं स्वतः स्कूटर घेऊन येतात, शेजारच्या अंगणात लावतात आणि साळसूदपणे चालत गेटमधून आत येतात. कायद्याने यासाठी पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बैठकीत हे सांगितलं तर एक वडील मला म्हणाले, बाई, बसची वाट बघत बसला तर तो दहावी होणार कधी?

गोव्यात रस्त्यावर वर्षाला अडीचशे ते तीनशेच्या घरात माणसं जातात आणि त्यांतली निम्म्याहून जास्त दुचाकीवरची असतात. ट्रक थांबवून यातलं किती थांबेल?

तिठ्यावरची आई

@गेट ड्युटी, बाई, तुमचं खरं आहे आणि तरी ऐकवत नाही. मी चालत जाते. माझ्याकडे स्कूटर नाही. चालणाऱ्याला सांगायचं की स्कूटरवाले वाईट आहेत, याचा मला उपयोग काय? उलट विचारते, लोक मुलांना स्कूटरवर का नेतात? आमच्या वाड्यावरून शाळा पाऊण किलोमीटर आहे. ट्रकच्या भीतीने शेजारणींनी एकेक करून चालणं सोडलं आणि आता त्याच गेटवर गर्दी करतात.

@टिपरवाला, धोका पुढे ढकलला तरी चालेल मला. साडेआठला माझी मुलगी वर्गात असते.

उसगावचा टिपरवाला

आणि कॉलेजवाल्यांच्या आया?

बालरथ चालवतो

बालरथ म्हणजे शाळेची बस. मोठ्यांच्या वादात थोडं बोलतो. मला फक्त उभं राहायला जागा द्या. त्या तिठ्यावर माझा थांबा रस्त्याच्या उजव्या बाजूच्या मुलांसाठी डाव्या बाजूला आहे. मुलं उतरतात आणि बसच्या पुढून पळतात. मागून येणाऱ्याला ती दिसत नाहीत, मलाही बॉनेटखाली घुसलेलं छोटं पोर दिसत नाही. मदतनीस बाई खाली उतरून हात धरून पलीकडे सोडते तेव्हा मागचा पिकअप हॉर्न वाजवून कान किटवतो. बस पुढच्या वळणापर्यंत नेऊन शाळेच्या बाजूला उभी करता आली तर कोणालाच रस्ता ओलांडावा लागणार नाही. पण तिथे संध्याकाळचा ऑम्लेटचा गाडा दिवसभर उभा असतो.

भोमच्या वाटेवरचा

निवृत्त साहेबांची दगडी पट्टी वाचून बरं वाटलं, पण सावध. आपल्याकडे सुरक्षेच्या नावाने सुरुवात होते आणि शेवट रुंदीकरणात होतो. भोममध्ये लोक इतकी वर्षं गावातून चौपदरी नको, बायपास द्या म्हणतायत. उद्या तुमचा अर्ज पाहून कोणी म्हणेल, तिठा अपुरा आहे, घरांचे पडवे पाडा.

निवृत्त रस्तेवाला

मी रस्ता अरुंद करायला सांगतोय, भाऊ. पण भीती रास्त आहे, मीही एकेकाळी पडव्यांवर खुणा मारल्यात.

उसगावचा टिपरवाला

रात्री नीट विचार करून लिहितो. ताईंनी लिहिलं, चालकाला काही कळलंही नसावं. ते शंभर टक्के खरं आहे आणि त्याचं कारण या धाग्यात कोणी लिहिलेलं नाही.

आम्ही बसतो उजवीकडे. डाव्या दाराखाली, चाकाजवळ, जे काही असतं ते केबिनमधून दिसत नाही. आरशात हौद्याची कड दिसते, तीही पावसात पुसट. पूर्वी डाव्या दारात क्लीनर असायचा. दाराच्या पत्र्यावर हाताने थापट्या मारायचा. एक थाप म्हणजे येऊ दे, सलग थापट्या म्हणजे जागीच थांब. मी स्वतः तीन वर्षं क्लीनर होतो, त्या थापट्यांवर शिकलो. वळताना चालक डावीकडे पाहायचाच नाही, कानाने वळायचा. मग डिझेल वाढलं, ट्रिपचा दर तसाच राहिला, आणि पहिली कात्री लागली ती क्लीनरला. आज माझ्या गाडीवरही नाही. शाळेजवळच्या गल्लीत एकटा माणूस भरलेली गाडी वळवतो आणि अर्धी गाडी त्याला दिसतच नाही.

म्हणून माझं म्हणणं, बंदी नको, क्लीनर परत आणा. शाळेच्या वेळेत शहरातून जाणाऱ्या भरलेल्या गाडीवर डाव्या दारात माणूस नसेल तर अडवा. क्लीनरचा पगार माल मागवणाऱ्याने द्यावा, म्हणजे ज्याला सकाळी सातलाच खडी पाहिजे त्याने. बघा मग किती जणांना ती सातलाच लागते.

निवृत्त रस्तेवाला

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कबूल करतो. एक जोड देतो. हौद्याखाली दोन चाकांच्या मध्ये आडव्या लोखंडी पट्ट्या असायला हव्यात, म्हणजे बाजूला पडलेला स्कूटरवाला मागच्या चाकाखाली ओढला जात नाही. गाडी नवी येते तेव्हा असतात. नंतर खड्ड्यात वाकल्या म्हणून काढून टाकतात आणि गाडीच्या फिटनेस तपासणीच्या दिवशी पुन्हा लावतात. टिपरवाले, तुमच्या गाडीला आहेत?

उसगावचा टिपरवाला

डावीकडची आहे. उजवीकडची गॅरेजच्या मागे पडून आहे. रविवारी लावतो.

गेट ड्युटी

क्लीनर म्हणजे पुन्हा सोळा-सतरा वर्षांची पोरं दाराला लटकणार. माझ्या वर्गातून गेलेला एक असाच जायचा. अठराच्या आतला नको, एवढं तरी लिहा.

उसगावचा टिपरवाला

लिहा बाई. मी लागलो तेव्हा पंधराचा होतो, हे मात्र लिहू नका.

तिठ्यावरची आई

क्लीनर येईपर्यंत मी काय करू? तो दर ठरणार, मग तुमच्यातलेच निम्मे नाही म्हणणार. मला सोमवारी सकाळी सातला त्याच लादीवर उभं राहायचं आहे. बंदीची मागणी मी सोडत नाही. अर्ज तीन करते: जिल्हाधिकाऱ्यांना बंदीचा, रस्तेवाल्यांना दगडी पट्टी आणि खांबांचा, आणि बालरथचा थांबा पुढे न्यायचा वेगळा. गाड्यावाल्याशी मीच बोलते, त्याची मुलगी आमच्याच वर्गात आहे.

उसगावचा टिपरवाला

सव्वा तास फार होतो, ताई. पाऊण तास करा, ७.१५ ते ८. आमच्या लोकांशी मी बोलतो, सकाळी खांडेपारलाच चहाला थांबतील. दुपारचं मात्र जमणार नाही.

तिठ्यावरची आई

दुपारी मुलं एकटी येतात. सकाळी निदान आम्ही बरोबर असतो. सोडायचीच असेल तर सकाळ सोडा.

उसगावचा टिपरवाला

दुपारी क्रशरवर भरणी असते... विचारून सांगतो.