ख्यालगायन ऐकण्यासाठी ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा घ्यावा की ट्रान्झिस्टरचा?

मंद्रषड्ज, पुणे:
नमस्कार. माझी ऐकण्याची खोली १२ बाय १४ फुटांची आहे, स्पीकर ८ ओहमचे असून त्यांची संवेदनशीलता ८६ डेसिबल आहे, आणि ऐकणे बहुतेक ख्यालगायनाचे, तेही रेकॉर्डवरून. जुना ॲम्प्लिफायर बंद पडल्याने नवा घ्यायचा आहे. एका परिचितांकडे ३००बी जातीच्या व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) ८ वॉटचा ॲम्प्लिफायर ऐकला आणि तानपुऱ्याची जवारी इतकी मोकळी ऐकू आली की तासभर जागचा हललो नाही. मात्र त्यांचे स्पीकर वेगळे होते. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. मी व्हॉल्व्हकडे वळावे का?

विलंबित:
त्या अनुभवात स्पीकरचा वाटा किती होता, हे आधी पाहायला हवे. आपले स्पीकर १ वॉटला एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज देतात. शक्ती दुप्पट केली की केवळ ३ डेसिबल वाढतात, म्हणजे ८ वॉटला आपण ९५ वर थांबता आणि दहा फुटांवर बसल्यावर त्यातलेही काही कमी होतात. आलापीला एवढे पुष्कळ झाले, पण द्रुत लयीत समेवर जोरकस थाप पडली की त्या क्षणापुरती कितीतरी पट शक्ती लागते आणि तिथे हा ॲम्प्लिफायर धापा टाकू लागतो. तोच ९६ डेसिबलच्या स्पीकरला जोडला, तर आपल्या स्पीकरवरचे ८० वॉटचे काम ८ वॉटमध्ये करील.

गोडव्याचे म्हणाल तर सिंगल एंडेड रचनेत, म्हणजे जिथे पूर्ण लहर एकच व्हॉल्व्ह हाताळतो तिथे, मूळ सुराचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट कंपनसंख्येचा उपस्वर) अधिक उमटतो. षड्जाचा दुसरा हार्मोनिक म्हणजे तार षड्जच, त्यामुळे तो खटकत नाही, उलट आवाज भरदार वाटतो. पुश-पुल रचनेत, म्हणजे जिथे व्हॉल्व्ह जोडीने उलटसुलट काम करतात तिथे, हे सम क्रमांकाचे हार्मोनिक बऱ्याच अंशी एकमेकांना रद्द करतात, म्हणून ‘व्हॉल्व्ह म्हणजे गोड’ हे सरसकट विधान मला मान्य नाही.

सागरकिनारा, रत्नागिरी:
माझ्याकडे नऊ वर्षांपासून ईएल३४ जातीच्या व्हॉल्व्हचा पुश-पुल ॲम्प्लिफायर आहे. चार व्हॉल्व्हचे फिलामेंटच (आतल्या तापणाऱ्या तारा) जवळजवळ ३८ वॉट घेतात, त्यामुळे एप्रिलमध्ये खोली चांगलीच तापते. एकदा साफसफाईत स्पीकरची वायर निसटली, ते लक्षात न येता मी रेकॉर्ड लावली, आणि आवाज का येत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवत राहिलो. वार्निश जळल्याचा वास आला तेव्हा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला) गेलेला होता. तो पुन्हा गुंडाळून मिळायला तीन आठवडे लागले. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकर जोडल्याशिवाय कधीही वाजवू नये. आत ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकतो. काचेचा चटका बसतो, तेव्हा मुलगी लहान असेपर्यंत जाळीचे झाकण अनिवार्य समजा. एवढे होऊनही मी तो विकणार नाही. रात्री कमी आवाजात गायकाचा श्वास जसा जवळ येतो, तसा मला दुसऱ्या कशातून मिळालेला नाही.

डग्गा:
मी तबला शिकलो आहे, म्हणून माझे लक्ष आधी डग्ग्याकडे जाते. आउटपुट इम्पिडन्स (स्पीकरला जाणवणारा ॲम्प्लिफायरचा अंतर्गत रोध) जास्त असलेल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची स्पीकरच्या पडद्यावर पकड सैल असते. मिंड घेऊन झाल्यावरही घुमारा रेंगाळतो. काहींना तो रेंगाळ आवडतो, पण वादकाने हात उचलला तिथे नाद थांबलाच पाहिजे. ट्रान्झिस्टर कोरडा असतो ही ख्याती जुन्या संचांची आहे: एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे लहर जाताना शून्यापाशी तुटायची, आणि तानपुऱ्यासारखा बारीक नाद नेमका तिथेच बिघडायचा. चांगल्या आधुनिक रचनेत हा दोष ऐकू येत नाही. तुमच्या स्पीकरला ५० ते ६० वॉटचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर योग्य होईल.

मंद्रषड्ज, पुणे:
सर्वांचे मनापासून आभार. रविवारी माझेच स्पीकर परिचितांकडे नेऊन तीच रेकॉर्ड ऐकतो. द्रुत बंदिशीत ८ वॉट अपुरे पडले, तर ५० वॉटचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर घेईन.