मदत हवी आहे: नास, परख आणि असरचे आकडे एका आलेखात बसतात का?

आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत जिल्ह्याचा आलेख दाखवायचा आहे. हाताशी नास (केंद्र सरकारची शाळांतली संपादणूक चाचणी) २०१७, नास २०२१, परख (तिच्या जागी आलेली चाचणी) २०२४ आणि असरचे (प्रथम संस्थेची ग्रामीण भागातली घरोघरची वाचन-गणित पाहणी) २०१८, २०२२, २०२४ चे अहवाल आहेत.

१) नास ते परख अशी सलग रेघ ओढता येईल का?
२) असरनुसार देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत, तिसरीत असून दुसरीचा उतारा वाचणारी मुलं २०.९ टक्क्यांवरून १६.३ वर आली, मग २३.४ वर गेली. यात किती भाग पटावरची मुलंच बदलल्याचा?

प्रतिसाद १
रेघ नको. २०१७ चा निकाल बरोबर उत्तरांच्या टक्क्यांत आहे, २०२१ चा ० ते ५०० च्या मोजपट्टीवर. तिसरीच्या भाषेची देशाची सरासरी तेव्हा ३२३ होती. तिला ५ ने भागून ६५ टक्के काढणारे तक्ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ते साफ चूक. परखने तर इयत्ताच तिसरी, सहावी, नववी केल्या. तिन्हींत समान फक्त तिसरी. तिथे दर वेळी जिल्हा राज्याच्या सरासरीच्या वर, खाली की बरोबरीत, एवढंच लिहा.

प्रतिसाद २
असरची वाचनचाचणी तीच राहते, त्यामुळे तिथे तुलना चालते. पटाचा प्रश्न रास्त आहे: ६ ते १४ वयोगटात सरकारी शाळांचा वाटा २०१८ ला ६५.६, २०२२ ला ७२.९, २०२४ ला ६६.८ टक्के. खाजगीतली मुलं सरासरीने बरी वाचतात. ती सरकारीत आली तर सरकारी आकडा वाढायला हवा, उलट तो पडला. परत गेल्यावर पडायला हवा, तर वाढला. म्हणजे घसरण आणि सुधारणा दोन्ही बहुधा दिसतात त्याहून मोठ्याच. खात्रीसाठी 'सर्व शाळा' हा रकाना शेजारी ठेवा.

जिल्ह्याला मात्र जपून. नमुना ३० गावं गुणिले २० घरं. समजा त्यात तिसरीची ६० मुलं निघाली, तर ५० टक्क्यांच्या आकड्यात नमुना लहान असल्याने होणारी चूक ±१३ आणि दोन वर्षांच्या फरकावर ±१८. एका गावातली मुलं सारखी असतात, म्हणून प्रत्यक्षात आणखी जास्त. तिसरी ते पाचवी एकत्र असलेला रकाना वापरा, त्यातही पाच-सहा टक्क्यांच्या चढउताराला प्रगती म्हणू नका.

धागाकर्ता
एक्सेलमध्ये २०१८ ते २०२२ ची घसरण फार उभी दिसतेय?

प्रतिसाद २
लाइन चार्ट घेतलाय का? तो चार आणि दोन वर्षांचं अंतर सारखंच दाखवतो. स्कॅटर घ्या, आडव्या अक्षावर वर्षं आकडे म्हणून द्या.